४८ किलोबाइटांची शाळा

मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो साठवायला आज तीन ते चार मेगाबाइट जागा लागते. १९८२ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आलेल्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या घरगुती संगणकाची स्मृती होती फक्त ४८ किलोबाइट. म्हणजे आपल्या एका फोटोच्या जागेत अशा सत्तरएक संगणकांची स्मृती सहज मावेल. तरीही त्या ४८ किलोबाइटांत गुहा, राजवाडे, अंतराळयाने आणि शर्यतीच्या मोटारी असलेले शेकडो खेळ बसवले गेले. त्यातले बरेचसे खेळ विशीच्या आतबाहेरच्या मुलांनी घरी बसून लिहिलेले होते.

या यंत्रांचे चाहते आजही जगभर आहेत. ते बंद पडलेले संगणक दुरुस्त करतात, जुन्या कॅसेटी जपतात, एवढेच नव्हे तर त्याच ४८ किलोबाइटांसाठी नवे खेळ लिहितात. केंब्रिजमध्ये आणि ब्लेचली पार्कमध्ये अशा यंत्रांची संग्रहालये आहेत. २०२४ साली तर स्पेक्ट्रमची नवी प्रतिकृतीच बाजारात आली. हे सारे केवळ बालपणाच्या आठवणींपोटी चालले आहे का? आठवणींचा भाग आहेच; पण आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. हे संगणक इतके लहान होते की एका माणसाला ते आतून-बाहेरून, पूर्णपणे समजू शकत. शिक्षकांच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. ती कशी, ते या लेखात पाहू.

हे संगणक आपल्याकडे कसे आले?

१९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘सर्वांना संगणक यायला हवा’ अशी मोठी चळवळ सुरू झाली. बीबीसी या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने त्यासाठी १९८२ च्या जानेवारीत एक मालिका दाखवायला सुरुवात केली आणि मालिकेबरोबर वापरता येईल असा संगणक केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून बनवून घेतला. हाच ‘बीबीसी मायक्रो’. त्याच्या ‘बी’ नमुन्यात ३२ किलोबाइट स्मृती होती. त्याच गावातल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने स्वस्तातला स्पेक्ट्रम काढला. १६ किलोबाइटचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना मिळे. दोन्ही संगणक घरच्या टीव्हीला जोडता येत आणि माहिती साठवायला साधा टेपरेकॉर्डर चाले.

यांपैकी बीबीसी मायक्रोशी भारतीय शाळांचा थेट संबंध आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८४ साली ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो देण्यात आले आणि पुढे ही संख्या पुष्कळ वाढली. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्तीही ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतात विकला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवले ते यांपैकीच एखाद्या संगणकाच्या कळफलकावर.

पडद्याचे गणित

आता स्पेक्ट्रमच्या आत डोकावू. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके असत. म्हणजे एकूण ठिपके झाले ४९,१५२. प्रत्येक ठिपका ‘लागलेला’ की ‘विझलेला’ एवढेच सांगायचे असेल, तर ठिपक्यामागे एक बिट पुरतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४९,१५२ भागिले ८, म्हणजे ६,१४४ बाइट. बरोबर सहा किलोबाइट.

पण चित्र रंगीत हवे. आठ रंगांपैकी एक निवडायचा तर तीन बिट लागतात (दोनाचा तिसरा घात आठ). प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा ठरवले, तर ४९,१५२ गुणिले ३, म्हणजे १,४७,४५६ बिट, म्हणजेच १८ किलोबाइट लागतील. स्वस्त स्पेक्ट्रममध्ये एकूण स्मृतीच १६ किलोबाइट! नुसता पडदाच मावणार नाही, मग खेळ कुठे ठेवायचा?

यावर काढलेली युक्ती अशी. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन धरायचा. असे आडवे ३२ आणि उभे २४ चौकोन होतात, एकूण ७६८. प्रत्येक चौकोनाला रंगासाठी एकच बाइट द्यायचा. त्यातले तीन बिट लागलेल्या ठिपक्यांचा रंग सांगतात, तीन बिट विझलेल्या ठिपक्यांचा. एक बिट चौकोन उजळ की मंद ते ठरवतो आणि उरलेला एक बिट तो लुकलुकावा की नाही ते. पहिल्या तिन्हींना ‘शाई’ आणि पुढच्या तिन्हींना ‘कागद’ अशी नावेही होती. आता हिशोब करा: ६,१४४ अधिक ७६८, म्हणजे ६,९१२ बाइट. पावणेसात किलोबाइटांत सगळा रंगीत पडदा बसला.

या युक्तीची किंमतही मोजावी लागली. एका चौकोनात दोनच रंग. तांबड्या सदऱ्यातला माणूस हिरव्या झाडासमोर आला की झाडाचा तेवढा चौकोन तांबडा होई, नाहीतर माणूस हिरवा. खेळ लिहिणाऱ्यांनी यावर नाना तोडगे काढले. काहींनी पात्रे चौकोनांच्या मापातच हलवली. १९८४ सालच्या ‘नाइट लोअर’ या खेळात तर प्रत्येक खोली एकाच रंगात रेखाटली, आणि वाचलेली मेहनत खोलीला तिरप्या कोनातून खोली-उंची देण्यात खर्च केली. त्या काळी तो खेळ पाहून लोक थक्क झाले. अडचण टाळता येत नसेल तर तिच्याभोवती रचना करायची, हा अभियांत्रिकीचा धडा त्यात आहे.

वर्गात हे करून पाहायला संगणक लागत नाही, आलेखाचा कागद पुरतो. आठ बाय आठ चौकटीत मुलांना ‘न’ हे अक्षर बसवायला सांगा. सर्वांत वरची ओळ शिरोरेषेची: आठही चौकोन भरलेले. उजवीकडचा दंड सातव्या रकान्यात. मधल्या ओळीत दंडाला जोडणारी आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकाखाली जाडसर ठिपका. प्रत्येक ओळीतल्या चौकोनांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे भाव द्या आणि भरलेल्यांची बेरीज करा. आठ ओळींचे आकडे येतात: २५५, २, २, १२६, ९८, ९८, २, २. बीबीसी मायक्रोवर चित्राच्या पडद्यात ‘व्हीडीयू २३’ ही आज्ञा देऊन, पुढे अक्षराचा क्रमांक आणि हे आठ आकडे लिहिले, की संगणकाला मराठी ‘न’ येऊ लागतो! मग ‘नी’ किंवा ‘नौ’ बसवायला सांगा. वेलांटी आणि मात्रांना जागा उरत नाही, हे मुलांना पाच मिनिटांत कळते. देवनागरीला संगणकावर आणण्यासाठी वेगळे परिश्रम का घ्यावे लागले, हे समजावण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांला माहीत नाही.

कॅसेटमधला किर्र आवाज

स्पेक्ट्रमचा खेळ कॅसेटवर मिळे. टेपरेकॉर्डर सुरू केला की किर्र, चर्र असा कर्कश आवाज येई आणि पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागत. तो आवाज म्हणजेच खेळाची आज्ञावली. शून्य हा बिट सांगायला ध्वनीचे एक आखूड आवर्तन वापरत, सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचे. एक हा बिट सांगायला त्याच्या दुप्पट लांब, सुमारे एक मिलिसेकंदाचे. म्हणजे शून्याचा सूर साधारण २००० हर्ट्झचा आणि एकाचा १००० हर्ट्झचा. संगीताच्या भाषेत नेमके एका सप्तकाचे अंतर.

दहावीच्या मुलांना यावरून वेळेचा अंदाज काढता येईल. शून्य आणि एक निम्मे-निम्मे धरले तर एका बिटाला सरासरी पाऊण मिलिसेकंद, एका बाइटाला सहा मिलिसेकंद. पडद्यावरचे एक चित्र ६,९१२ बाइटांचे, म्हणून सुमारे ४१ सेकंद. पूर्ण ४८ किलोबाइट भरायला जवळजवळ पाच मिनिटे. त्या काळच्या मुलांना विचाराल तर तेही ‘पाच मिनिटे’ हेच उत्तर देतील, कारण तेवढा वेळ त्यांनी श्वास रोखून काढलेला असतो. ध्वनी, वारंवारता, द्विमान अंक आणि सरासरी, असे चार धडे या एका आवाजात एकत्र येतात.

सहा बाइटांतले विश्व

या सर्व खेळांतला आमच्या आवडीचा खेळ म्हणजे ‘एलिट’. केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रॅबेन आणि इयान बेल या दोघांनी तो बीबीसी मायक्रोसाठी लिहिला. १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. खेळणारा अंतराळयान घेऊन एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माल नेतो, विकतो, चाच्यांशी लढतो. विश्वात आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रहस्थाने, म्हणजे एकूण २,०४८. प्रत्येकाला नाव, जागा, राज्यपद्धती आणि बाजारभाव. एवढी यादी ३२ किलोबाइटांच्या यंत्रात ठेवली असती तर खेळाला जागाच उरली नसती.

लेखकांनी यादी ठेवलीच नाही. त्यांनी ठेवल्या तीन संख्या, प्रत्येकी दोन बाइटांची, एकूण सहा बाइट. आणि एक नियम. नियम असा: तिन्ही संख्यांची बेरीज करा, पहिली संख्या टाकून द्या, दुसरी आणि तिसरी एकेक घर पुढे सरकवा, रिकाम्या जागी बेरीज लिहा. बेरीज दोन बाइटांत मावली नाही तर वरचा भाग सोडून द्या. एसटीच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्ये येतात, तसेच हे. हा नियम चार वेळा लावला की पुढच्या ग्रहाच्या संख्या मिळतात आणि त्यांतल्या बिटांवरून त्याचे नाव, जागा व व्यापार ठरतो. नियम ठरलेला असल्यामुळे तोच ग्रह कितीही वेळा गेलात तरी जसाच्या तसा सापडतो. पुढच्या दीर्घिकेत जाताना सहाही बाइटांतले बिट एकेक घर गोल फिरवतात. बाइटात बिट आठ, म्हणून आठ वेळा फिरवल्यावर आपण पुन्हा पहिल्या दीर्घिकेत येतो.

दोन संख्यांची बेरीज करून पुढची काढायची ही रीत आपल्याला नवी नाही. विरहांक आणि हेमचंद्र यांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना तीच वापरली होती. युरोपात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. एलिटमध्ये दोनाऐवजी तीन संख्या घेतल्या, एवढाच फरक.

दापोडीतल्या एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर आम्ही याची कागदी आवृत्ती करून पाहिली. सुरुवातीच्या संख्या घेतल्या १२, ३५ आणि ६८. बेरीज ११५, शेवटचे दोनच अंक ठेवायचे, म्हणून १५. मग ३५, ६८ आणि १५ यांची बेरीज ११८, म्हणून १८. अशी माळ झाली: १२, ३५, ६८, १५, १८, ०१, ३४, ५३, ८८, ७५, १६... दशकाचा अंक आडवे अंतर आणि एककाचा अंक उभे अंतर धरून प्रत्येक ग्रह आलेखावर मांडला. नावांसाठी शून्यापासून नवापर्यंत अक्षरे ठरवली: का, मे, रू, ती, सो, ना, वी, दा, लो, पू. त्यामुळे १२ चा झाला ‘मेरू’, ३५ चा ‘तीना’, १५ चा ‘मेना’ आणि ५३ चा ‘नाती’. पाचव्या ग्रहाचे, म्हणजे १८ चे, नाव निघाले ‘मेलो’, आणि वर्गात हशा पिकला. गंमत अशी की एलिटच्या लेखकांनाही एका दीर्घिकेत एका ग्रहाचे असभ्य नाव आढळले आणि त्यांनी ती दीर्घिकाच रद्द केली, असे सांगतात. वर्गातल्या दोन गटांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून माळ काढली, तरी नकाशे तंतोतंत जुळले. ‘नकाशा पाठवायची गरज नाही, तीन आकडे फोनवर सांगितले तरी पुरे,’ हे एका मुलीने आपणहून म्हटले. माहिती साठवणे आणि माहिती घडवण्याचा नियम साठवणे यांतला फरक तिला कळला होता.

सहा बाइटांत ४८ बिट असतात. त्यामुळे दोनाचा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळ्या दीर्घिका करणे शक्य होते. प्रकाशकांनी आठच ठेवायला लावल्या. इतक्या दीर्घिका दाखवल्या तर त्या सगळ्या सारख्याच आहेत हे खेळणाऱ्याच्या लगेच लक्षात आले असते!

कानस आणि सीएनसी

कोणी विचारेल, आजच्या मुलांना आजचाच संगणक शिकवावा, जुना कशाला? पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात याचे उत्तर चटकन पटते. इथल्या कारखान्यांतले बरेचसे काम सीएनसी यंत्रांवर चालते. तरीही आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण सुरू होते ते व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून तो कानशीने चौरस करण्यापासून. पुढे नोकरीत कानस हातात धरावी लागेल म्हणून नव्हे, तर धातू कसा कापला जातो आणि शतांश मिलिमीटर म्हणजे काय, हे हाताला कळावे म्हणून. दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काम शिकलेल्या माणसाला बस हे गूढ वाटत नाही, कारण त्याने तिचा सांगाडा उघडा पाहिलेला असतो.

आजचा मोबाइल असा उघडा पाहता येत नाही. त्यात काय चालले आहे हे पूर्णपणे जाणणारा एकही माणूस नसेल; ते अनेकांनी वाटून घेतलेले ज्ञान आहे. बीबीसी मायक्रो सुरू केला की क्षणात पडद्यावर बेसिक भाषेची खूण उभी राहते आणि यंत्र आपल्या आज्ञेची वाट पाहते. आज्ञा लिहा, उत्तर घ्या, चुकले तर पुन्हा लिहा.

या शाळेतून काय बाहेर पडले याचा एक पुरावा आपल्या खिशातच आहे. बीबीसी मायक्रोचे बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि यंत्राच्या रचनेत सहभागी असलेले स्टीव्ह फर्बर यांनी एकॉर्न कंपनीतच एक नवा, साधासुटसुटीत मायक्रोप्रोसेसर आखला. त्याची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये तयार झाली आणि तिची चाचणी बीबीसी मायक्रोला जोडूनच घेतली गेली. तिचे नाव ‘आर्म’. आजच्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याची चिप असते. २०१२ साली निघालेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाच्या नमुन्यांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे दिली, तीही बीबीसी मायक्रोच्या आठवणीने.

अर्थात आपल्याकडच्या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एका शाळेला मोजके संगणक आणि वर्गात पन्नास मुले; आज्ञा इंग्रजीत; शिक्षकांचे प्रशिक्षण थोडक्यात आटोपलेले. जिथे शिक्षकाने यंत्र मुलांच्या हाती दिले तिथे ते कामी आले. नाही तिथे ते कपाटात गेले.

कपाटातल्या यंत्राचे काय करावे?

आणि प्रश्न आहे तो याच कपाटांचा. शाळा रंगवायला काढली, प्रयोगशाळा हलवली की जुने सामान बाहेर पडते. ई-कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा, हे योग्यच आहे. पण एकदा यंत्र तिथे पोचले की परत येत नाही, आणि त्याच्याबरोबरच्या कॅसेटी, चकत्या, मुलांनी लिहिलेल्या आज्ञावल्याही जातात.

असे घडते तेव्हा काय हरवते, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमधलेच आहे. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशाची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ नावाची वही तयार करवली. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने तसाच नवा प्रकल्प केला. शाळाशाळांतल्या मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे दिली. ती लेसर-चकत्यांवर भरली आणि एकॉर्नच्या संगणकावर वाचण्याची सोय केली. पंधरा वर्षांतच ती चकती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीची वही वाचता येत होती, पण पंधरा वर्षांपूर्वीची चकती नाही! लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २००२ साली जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकावर हुबेहूब करणारी आज्ञावली, म्हणजे एम्युलेटर, बनवून ती माहिती पुन्हा वाचती केली. मुलांनी लिहिलेला भाग २०११ मध्ये सर्वांना पाहता आला.

म्हणून आपल्या शाळेत असे यंत्र सापडले तर पहिली सूचना: ते लगेच विजेला जोडू नका. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत असलेले कागदी धारित्र इतक्या वर्षांत तडकते आणि वीज सुरू केल्यावर थोड्याच वेळात धूर सोडते. ती पेटी मुलांनी उघडू नये. बंद असतानाही तिच्यात विद्युतभार राहू शकतो. जाणत्या तंत्रज्ञाकडून जुनी धारित्रे बदलून घ्यावीत. स्पेक्ट्रमच्या कळांखालचा प्लास्टिकचा पापुद्रा ठिसूळ होऊन तुटतो, पण तो नवा बनवून मिळतो. कॅसेटी आधी पाहाव्यात: पुण्याच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. चांगल्या असतील तर टेपरेकॉर्डर आजच्या संगणकाला जोडून तो किर्र आवाज न दाबता, आहे तसा ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्यातून आज्ञावली पुन्हा काढता येते.

यंत्र नसेल तरी अडत नाही. दोन्ही संगणकांचे एम्युलेटर आज विनामूल्य मिळतात. काही तर थेट ब्राउझरमध्ये चालतात. सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय १९८६ साली विकत घेणाऱ्या ॲम्स्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रमची अंगभूत आज्ञावली एम्युलेटरबरोबर वाटायला परवानगी दिली आहे. खेळांचे हक्क मात्र ज्याचे त्याचे आहेत, ते पाहूनच ते वापरावेत. शाळेतला जुना मोबाइल किंवा लॅपटॉप यासाठी पुरेसा आहे.

सुरुवात दोन तासिकांनी करावी. पहिल्या तासिकेत आलेखाच्या कागदावर ‘न’ काढून त्याचे आठ आकडे मिळवावेत. दुसऱ्या तासिकेत ते एम्युलेटरमधल्या बीबीसी मायक्रोला द्यावेत आणि अक्षर पडद्यावर उमटते का ते पाहावे. नाही उमटले तर चूक कोणत्या ओळीत आहे ते मुले स्वतः शोधून काढतील, कारण शोधायला ओळी आठच आहेत.